बंदीच्या ६१ दिवसांत जेवण किती? होडी बांधली, आता ताटाचाही हिशेब करूया



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. ट्रॉलर जेटीला लागले, खलाशी गावी गेले, जाळी विणायला काढली. या दिवसांत आपल्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: "काही वेगळं खात नाही, तरी पोट सुटलं." ही तक्रार खोटी नाही. वेगळं काही खाल्लेलं नसतंच. जेवण तेच राहतं, काम मात्र बंद पडतं. इंजिन बंद असताना टाकीत रोज तेवढंच डिझेल ओतलं तर ते कुठे जाणार?

म्हणून वजन कमी करायचं असेल तर दिवसाला किती खायचं, हे साध्या हिशेबाने कसं काढायचं ते आज सांगतो.

कामाप्रमाणे गरज बदलते

अन्नातून मिळणारी ताकद कॅलरीत मोजतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या आकड्यांनुसार ६५ किलोच्या पुरुषाला बैठं काम असेल तर दिवसाला सुमारे २११० कॅलरी लागतात, मध्यम कामाला २७१० आणि जड कामाला ३४७०. म्हणजे माणूस तोच, पण जड काम आणि बसून राहणं यांत १३६० कॅलरींचा फरक.

आपला आकडा असा काढा

१९९० साली आलेलं मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र आहारतज्ज्ञ आजही वापरतात. ते असं:

• वजन (किलो) × १०
• त्यात मिळवा: उंची (सेंटिमीटर) × ६.२५
• त्यातून वजा करा: वय × ५
• पुरुषांनी शेवटी ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे

हा आकडा म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणाऱ्या कॅलरी. आता त्याला कामाने गुणा: दिवसभर बसून असाल तर १.२, हलकं काम १.३७५, मध्यम काम १.५५, जड काम १.७२५.

उदाहरण घेऊ. ४५ वर्षांचा बोटमालक, वजन ८० किलो, उंची १६५ सेंमी. ८०० + १०३१ − २२५ + ५ म्हणजे १६११. समुद्रावर जाताना, जड काम धरून, त्याची गरज सुमारे २७८०. बंदीत जाळी शिवणं, बोटीला रंग काढणं असं हलकं काम धरलं तर २२१५. रोजचा फरक ५६५. जेवण तेच राहिलं तर ६१ दिवसांत साधारण ३४,५०० कॅलरी जास्त होतात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. म्हणजे कागदावर साडेचार किलो. प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त होतं, पण कंबरेचा पट्टा का घट्ट होतो ते कळलं ना?

कमी किती करायच्या?

गरजेपेक्षा रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. आपल्या बोटमालकाचे २२१५ चे झाले १७१५. याहून घाई नको. पडून असताना लागणाऱ्या आकड्याच्या (इथे १६११) खाली उतरूच नका. तो दिवसभर बसूनच असेल तर गरज भरते जेमतेम १९३०. त्यातून ५०० काढले तर आकडा फारच खाली जातो. अशा वेळी जेवण आणखी कापण्यापेक्षा रोज पाऊण-एक तास चालणं बरं.

घरातल्या बाईचा हिशेब वेगळा

बंदी बोटीला असते, बाजाराला नसते. सुकी मासळी घेऊन टोपली उचलणारी, दिवसभर बाजारात उभी राहणारी आणि परत घरी येऊन चूल सांभाळणारी बाई बंदीतही तेवढंच राबते. ४२ वर्षं, ६८ किलो, १५३ सेंमी असेल तर तिचा पडून असतानाचा आकडा १२६५, मध्यम कामाने सुमारे १९६०. वजन उतरवायचं असेल तर तिला १५५० च्या आसपास पुरे. घरधन्याचं जेवण कमी केलं म्हणून तिचंही ताट त्याच मापाने कापू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर हा हिशेब लावायचाच नाही.

कापायचं कुठे?

मासळी कापू नका. तिच्यातून प्रथिनं मिळतात आणि पोट भरलेलं राहतं. कापायचं ते असं:

• भात: १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी. दोन्ही वेळचा मिळून एवढा तांदूळ कमी केला की मोठं काम झालं. उकडा असो की सुरय, कॅलरीत फारसा फरक नाही.
• तेल: एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२५. रवा लावून तळलेल्यापेक्षा हुमण किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेली मासळी बरी.
• ओलं खोबरं: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे ते चारशे. सोडू नका, वाटण थोडं कमी घाला.
• चहा: दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे २०० कॅलरी नुसत्या साखरेच्या.
• फेणी: ६० मिलीच्या पेगात सुमारे १४०. दोन पेग आणि तळलेला चखणा झाला की दिवसभराची बचत संपली.

ताजी मासळी मिळत नाही तेव्हा अंडी, टोणक, मुगागाठी करा. सुक्या मासळीत मीठ फार, त्यामुळे बीपी असलेल्यांनी बेतानेच खावी.

काटा काय सांगतो?

आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, एकाच काट्यावर वजन करा. पहिल्या आठवड्यात पटकन उतरतं ते बरंचसं पाणी असतं. तीन आठवडे काटा हललाच नाही तर आणखी १००-२०० कॅलरी कमी करा. कंबरही मोजा. पुरुषांची ९० सेंमी आणि बायकांची ८० सेंमीच्या वर असेल तर शुगर आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

दोन गोष्टी विसरू नका

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते.

आणि १ ऑगस्टला बोट सुटली की हा आकडा बदला. जाळं ओढणाऱ्या माणसाने बंदीतलं जेवण जेवून समुद्रावर जाऊ नये. डेकवर चक्कर येणं म्हणजे जिवाशी खेळ. कामाप्रमाणे गरज पुन्हा काढा, तेवढं जेवण वाढवा.

आपला आकडा काढून वहीत लिहून ठेवा. हिशेब अडला तर वय, उंची, वजन घेऊन संस्थेच्या ऑफिसात या, बसून मांडूया. ही माहिती आपल्या खलाशांच्या आणि बाजारातल्या बायकांच्या ग्रुपवरही पाठवा.