प्रसाधनांतील सूक्ष्मजीव आणि अनुपस्थितीचा पुरावा

चेहऱ्याचे क्रीम, लहान मुलांची पावडर, काजळ किंवा शाम्पू ही प्रसाधने निर्जंतुक असावीत अशी अपेक्षा कायदा करत नाही, आणि सहसा ती तशी नसतातही. शिरेतून द्यायच्या द्रावणात एकही जिवंत सूक्ष्मजीव चालत नाही. प्रसाधन मात्र असंख्य जीवाणूंनी आधीच व्यापलेल्या त्वचेवर लावायचे असल्यामुळे त्यात थोड्याबहुत निरुपद्रवी जीवांचे अस्तित्व मान्य केले जाते, आणि ते किती व कोणते एवढाच प्रश्न उरतो. ‘आयएसओ १७५१६’ या २०१४ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याचे उत्तर दोन भागांत दिले आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी असलेल्या, डोळ्यांभोवती लावायच्या किंवा ओठांसारख्या श्लेष्मल त्वचेशी संबंध येणाऱ्या उत्पादनात एका ग्रॅममागे १००, आणि इतर उत्पादनांत १,००० ‘वसाहतकारक एकके’ ही वरची मर्यादा आहे. पोषक माध्यमावर पडलेली एक जिवंत पेशी, किंवा एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा पुंजका, वाढून डोळ्यांना दिसेल असा ठिपका बनतो, त्याला वसाहत म्हणतात. पेशी प्रत्यक्ष मोजता येत नसल्यामुळे ठिपके मोजले जातात, आणि या मोजणीतील स्वाभाविक चढउतार गृहीत धरून मर्यादेच्या दुप्पट आकड्यापर्यंतचा निकाल मानकाने स्वीकारला आहे. उत्तराच्या दुसऱ्या भागात मात्र अशी सवलत नाही. एश्चेरिशिया कोलाय, स्युडोमोनास एरुजिनोसा, स्टॅफिलोकोकस ऑरियस हे तीन जीवाणू आणि कँडिडा अल्बिकन्स हे यीस्ट एका ग्रॅममध्ये अजिबात आढळता कामा नये.

या चाचणीचे सारे कौशल्य आणि तिची सारी अडचण ‘आढळत नाही’ असे म्हणण्यात आहे. प्लेटवर वसाहत उगवली तर जीव होता हे सिद्ध होते. प्लेट कोरी राहिली तर मात्र जीव नव्हता, की होता पण उगवू शकला नाही, हे प्लेट स्वतः सांगत नाही. ते सांगण्याचा अधिकार प्रयोगशाळेला दर वेळी वेगळा पुरावा देऊन मिळवावा लागतो.

प्रसाधन दूषित होण्याचे मुख्य कारण पाणी होय. पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा सूक्ष्मजीवांना उपलब्ध होईल असे मोकळे पाणी किती आहे हे महत्त्वाचे असते, आणि त्याच्या मापाला ‘जलक्रियता’ म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ धरली, तर ०.७५ च्या खाली बहुतेक सूक्ष्मजीवांची वाढ थांबते. म्हणून तापवून साच्यात ओतलेली लिपस्टिक, द्रावकांनी भरलेले नेलपॉलिश किंवा मद्यार्काचे प्रमाण मोठे असलेले अत्तर ही कमी जोखमीची उत्पादने मानली जातात, तर पाणी आणि तेल यांच्या पायसापासून बनलेले क्रीम, त्यात पुन्हा कोरफडीचा गर, दुधातील प्रथिने किंवा वनस्पतींचे अर्क घातलेले असले तर, जीवाणूंना चांगलेच मानवते. महाराष्ट्रात दिवाळीला लावले जाणारे उटणे कोरड्या चूर्णाच्या रूपात साठवले जाते आणि ऐनवेळी पाण्यात किंवा दुधात कालवले जाते, या रीतीला सूक्ष्मजीवशास्त्राचा पूर्ण आधार आहे. तेच उटणे कालवून बरणीत भरून विकायचे ठरवले, तर ते दुसऱ्याच जोखमीचे उत्पादन होते.

कोरडेपणाने वाढ थांबते, जीव मरतोच असे नाही. १९४०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये नवजात बालकांना झालेल्या धनुर्वाताचा आणि त्यांतील मृत्यूंचा माग टाल्कम पावडरीपर्यंत पोहोचला. जमिनीतून काढलेल्या या खनिजाबरोबर क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल परिस्थितीत वर्षानुवर्षे तग धरणारी त्याची सुप्त रूपे, आली होती, आणि नाळेच्या ताज्या जखमेत त्यांना हवी ती परिस्थिती मिळाली. ओल्या उत्पादनांचे धोके वेगळे आहेत. १९६७ साली अमेरिकेतील एका रुग्णालयात रुग्णांच्या रक्तात पसरलेल्या क्लेब्सिएला न्युमोनिई या जीवाणूचा उगम हातांना लावायच्या क्रीमच्या पात्रात सापडला. १९७७ साली लुई विल्सन आणि डोनाल्ड अहर्न यांनी दूषित मस्कारा आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलावरील स्युडोमोनासचे व्रण यांचा संबंध दाखवून दिला. पापण्यांना मस्कारा लावताना ब्रशचा ओरखडा बुबुळाला लागला, तर या जीवाणूला आत शिरायला तेवढी वाट पुरते, आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. प्रसाधनांची सूक्ष्मजीवतपासणी ही ग्राहकाच्या सौंदर्यविषयक समाधानाची बाब नसून आरोग्यरक्षणाची बाब आहे, हे अशा घटनांनी निर्विवादपणे ठरवून टाकले.

प्रयोगशाळेतील कामाची पहिली पायरी दिसायला साधी आहे. निर्जंतुक हवेच्या झोतात ठेवलेल्या कपाटात नमुन्याचा एक ग्रॅम तोलून घ्यायचा, नऊ मिलिलिटर द्रवात मिसळून त्याचे दहापट विरलन करायचे, तेलकट क्रीम पाण्यात मिसळत नसल्यामुळे आधी ते पॉलिसॉर्बेट ८० या पायसकारकात एकजीव करून घ्यायचे, आणि मग त्या विरलनाचा एक मिलिलिटर पेट्री डिशमध्ये टाकून त्यावर वितळलेले अगार माध्यम ओतायचे. हे माध्यम ४८ अंश सेल्सिअसहून गरम असता कामा नये, कारण आधीच अशक्त झालेल्या पेशी त्या उष्णतेने मरू शकतात. अगार हा तांबड्या समुद्रशैवालांपासून मिळणारा पदार्थ. रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत पूर्वी वापरले जाणारे जिलेटिन उबवणीच्या तापमानाला वितळत असे आणि काही जीवाणू ते खाऊनही टाकत, तेव्हा स्वयंपाकघरात अगार वापरणाऱ्या फॅनी हेसे यांनी तो सुचवला, आणि १८८७ साली युलियुस रिखार्ड पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची तबकडी वर्णिली. आज प्रयोगशाळेतील जवळजवळ सारी साधने बदलली असली तरी ही जोडी टिकून आहे. जीवाणूंच्या प्लेटा साधारण ३२.५ अंशांवर तीन दिवस आणि यीस्ट व बुरशीच्या प्लेटा साधारण २२.५ अंशांवर तीन ते पाच दिवस उबवल्या जातात, आणि तोवर कारखान्यातील ती बॅच अडकून पडते.

खरी गुंतागुंत नमुन्यातच दडलेली असते. क्रीम टिकावे म्हणून त्यात परिरक्षके, म्हणजे सूक्ष्मजीवांची वाढ रोखणारी पॅराबेन किंवा फिनॉक्सिइथॅनॉलसारखी रसायने, घातलेली असतात. नमुन्याबरोबर तीही प्लेटवर जातात आणि तिथेही आपले काम चालूच ठेवतात. परिणामी बरणीत जिवंत असलेला, केवळ दबलेला जीवाणू प्लेटवर उगवत नाही आणि दूषित उत्पादन स्वच्छ ठरते. म्हणून चाचणीच्या द्रवात परिरक्षकाचा प्रभाव नाहीसा करणारी उदासीनकारके घालावी लागतात: पॅराबेन व फिनॉक्सिइथॅनॉलसाठी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८०, क्लोरीन-आयोडीनच्या कुळातील पदार्थांसाठी सोडियम थायोसल्फेट, फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या परिरक्षकांसाठी ग्लायसिन किंवा हिस्टिडिन. ती घातली एवढ्यानेही भागत नाही. ती पुरेशी पडतात आणि स्वतः जीवाणूंना मारत नाहीत, हे प्रत्येक उत्पादनासाठी आधी दाखवावे लागते. त्यासाठी ज्ञात जीवाणूंच्या शंभराहून कमी पेशी मुद्दाम उत्पादनासह आणि उत्पादनाविना पेरून दोन्हीकडे किती वसाहती परत मिळतात याची तुलना करतात, आणि उत्पादनासह मिळालेल्या वसाहती तुलनेच्या प्लेटवरील संख्येच्या निम्म्याहून कमी भरल्या तर ती पद्धत त्या उत्पादनासाठी बाद होते. मग विरलन वाढवणे, किंवा नमुना ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पटलातून गाळून, अडकलेल्या पेशी धुऊन ते पटलच माध्यमावर ठेवणे, असे पर्याय उरतात. ज्या अहवालामागे ही पडताळणी नाही त्यातील शून्याला काहीही अर्थ नाही, मग तो कितीही देखण्या कागदावर छापलेला असो.

निषिद्ध जीवांचा शोध मोजणीहून निराळा असतो. एका ग्रॅममध्ये एकच पेशी असली तरी ती सापडावी लागते, म्हणून नमुना आधी किमान वीस तास पोषक द्रवात उबवून त्या पेशीला वाढू देतात, आणि मग तो द्रव निवडक माध्यमांवर, म्हणजे हव्या त्या जीवाला वाढू देऊन इतरांना रोखणाऱ्या माध्यमांवर, रेघाटतात. स्युडोमोनास सेट्रिमाइड अगारवर वाढून बहुधा निळसर हिरवे रंगद्रव्य सोडतो आणि अतिनील प्रकाशात चमकतो. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या बेअर्ड-पार्कर माध्यमावरील वसाहती काळ्या असून त्यांच्याभोवती पारदर्शक वलय असते, आणि तो रक्तद्रव गोठवतो की नाही हे पाहून ओळख पक्की केली जाते. मॅकाँकी अगारवर एश्चेरिशिया कोलायच्या वसाहती विटकरी लाल दिसतात. कँडिडा अल्बिकन्स रक्तजलात दोनतीन तास ठेवल्यास पेशीतून अंकुरासारखी नळी फुटते. अनुभवी विश्लेषकाला प्लेट पाहताच अंदाज येतो, परंतु अंदाजावर अहवाल लिहिला जात नाही.

चार नावांच्या या यादीची मर्यादाही ओळखली पाहिजे. धनुर्वाताचा जीवाणू प्राणवायूत वाढत नाही, त्यामुळे नेहमीच्या प्राणवायुजीवी मोजणीत तो कधीच दिसणार नाही. टाल्कच्या बाबतीत भिस्त कच्चा माल निर्जंतुक करण्यावरच ठेवावी लागते. बर्कहोल्डेरिया सेपेशिया हे त्याहून बोलके उदाहरण आहे. वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० साली कांदा कुजवणारा जीवाणू म्हणून वर्णिलेला हा जीव शुद्ध केलेल्या पाण्यातही तग धरतो, नळांच्या आतील बाजूस चिकट थर करून राहतो आणि त्याचे काही वाण परिरक्षकांचे विघटनही करतात. २००६ साली बार्सिलोनातील एका अतिदक्षता विभागात पाच रुग्णांना त्याचा संसर्ग झाला, आणि उगम निघाला रुग्णांच्या अंगाला लावायच्या मॉइश्चरायझिंग लोशनमध्ये. अमेरिकेच्या औषधसंहितेने त्याच्या शोधासाठी स्वतंत्र प्रकरण २०१९ साली लागू केले. प्रसाधनांच्या मानकात मात्र तो आजही चार नावांत नाही, उत्पादकाने आपल्या उत्पादनाची जोखीम पाहून त्याचा शोध घ्यावा अशी अपेक्षा आहे. पाण्यावर आधारलेल्या प्रत्येक उत्पादनात हा शोध सक्तीचा असायला हवा, असे या घटनांवरून ठामपणे म्हणता येते.

बरणी कारखान्यातून स्वच्छ निघाली तरी पुढे तिच्यात रोज बोटे बुडणार असतात. त्या वापरात उत्पादन टिकेल की नाही हे पाहण्यासाठी ‘आयएसओ ११९३०’ या मानकातील आव्हान-चाचणी घेतात. तीन जीवाणू, एक यीस्ट आणि ॲस्परजिलस ब्राझिलिएन्सिस ही बुरशी अशा पाच जीवांची लागण उत्पादनात मुद्दाम वेगवेगळी केली जाते, जीवाणूंच्या बाबतीत ग्रॅममागे एक ते दहा लाख पेशी इतकी, आणि सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी किती उरले ते मोजले जाते. वरच्या श्रेणीच्या निकषानुसार सात दिवसांत जीवाणू हजारपटीने घटले पाहिजेत आणि पुढे वाढता कामा नयेत. बुरशी चिवट असल्यामुळे तिला अठ्ठावीस दिवसांत दहापट घट एवढेच बंधन आहे. ‘परिरक्षकमुक्त’ हा शब्द आज वेष्टनांवर ठळकपणे मिरवला जातो. पॅराबेनविषयीची शंका आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोनमुळे होणारी ॲलर्जी ही त्यामागची कारणे खोटी नाहीत, आणि युरोपीय संघाने त्वचेवर राहू देण्याच्या उत्पादनांत हे दुसरे रसायन २०१७ पासून बंदही केले. पण परिरक्षक काढून टाकल्याने सूक्ष्मजीव निघून जात नाहीत, आणि त्याच्या जागी कमी पाणी, आम्लता, हवाबंद पंपाची बाटली असे दुसरे संरक्षण उभे केले आहे का, हे आव्हान-चाचणीच सांगू शकते.

भारतात १९४०च्या औषधे व प्रसाधने कायद्याखाली २०२० साली स्वतंत्र प्रसाधन नियम आले आणि भारतीय मानक ब्युरोची मानके त्यांत बंधनकारक झाली. सूक्ष्मजीवतपासणीची रीत ‘आयएस १४६४८’ या मानकात दिलेली आहे. या कामाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. तुलनेसाठी लागणारे प्रमाणित जीववाण जपणारा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहे, आणि देशभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी भुकटीच्या रूपातील पोषक माध्यमे बनवणारी हायमीडिया ही कंपनी मुंबईची आहे. संग्रहातून आलेला वाणही प्रयोगशाळेत पाचहून अधिक वेळा पुढे वाढवू नये असा दंडक आहे, कारण प्रत्येक पिढीगणिक त्याचे गुणधर्म बदलण्याची शक्यता वाढते. अशा बदललेल्या वाणावर माध्यम तपासले, तर माध्यमाची आणि त्याबरोबर प्रत्येक कोऱ्या प्लेटची साक्ष संशयास्पद होते.

एखाद्या बॅचच्या प्लेटवर मर्यादेबाहेर वसाहती उगवल्या, की तपास प्रयोगशाळेपासूनच सुरू होतो: त्याच दिवशी उत्पादनाविना ओतलेली नियंत्रण-प्लेट कोरी राहिली होती का, माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पूर्ण वेळ होते का, कपाटातील हवेची नोंद काय आहे. तिथे दोष सापडला नाही, तर चांगला निकाल येईपर्यंत पुन्हा पुन्हा नमुने काढण्याची मुभा नाही. जीवाची ओळख पटवायची आणि त्या ओळखीच्या आधारे कारखान्यात शिरायचे असते. बीजाणू करणारा बॅसिलस असेल तर वनस्पतिजन्य चूर्णांच्या पोत्यांकडे, स्टॅफिलोकोकस असेल तर भरणीवरील कामगारांच्या हातमोज्यांकडे, आणि स्युडोमोनास किंवा बर्कहोल्डेरिया असेल तर पाण्याच्या टाकीपासून निघालेल्या, पुढे कुठेही न जोडलेल्या आणि म्हणून आत पाणी साचून राहिलेल्या नळाच्या तुकड्याकडे.