दुसरा सबवूफर घेण्याआधी

त्र्यंबकेश्वरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने आमच्याकडून दिवाणखान्यासाठी जाड पडद्याचे कापड नेले. टी.व्ही.ला जोडलेल्या सबवूफरची धमधम मागच्या भिंतीशी बसणाऱ्या त्यांच्या आईला सोसवत नव्हती. उलट मधल्या सोफ्यावर त्यांना स्वतःला खालचा सूर ऐकूच येत नव्हता. "पडद्याने आवाज बसेल," असे आम्हीच सांगितले होते. पडदे लागले, धमधम तशीच राहिली. दोष मालाचा नव्हता, आमच्या सल्ल्याचा होता. शिलाईचा खर्च आम्ही सोसला आणि हा विषय एका जाणत्या कारागिराकडून समजून घेतला. पडदे, सुतारकाम व इलेक्ट्रिकच्या धंद्यातील आपल्या बंधूंना हा तजुर्बा उपयोगी पडावा, म्हणून येथे देत आहोत.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ४० हर्ट्झच्या जाड सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेला पडद्याची जाडी काहीच नाही. कापड बारीक, तीक्ष्ण आवाज शोषते, धमधम शोषत नाही.

खोलीचाही यात हात असतो. या गिऱ्हाइकाची खोली १८ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. अशा लांबीत ३१ हर्ट्झच्या आसपास लाट दोन भिंतींमध्ये अडकते. भिंतीजवळ ती जोरात असते आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. आई आणि मुलगा दोघांच्याही तक्रारी खऱ्या होत्या. आवाज वाढवला की मुलाला थोडे मिळे आणि आईला दुप्पट त्रास होई.

दुसऱ्या सबवूफरचा उपयोग येथे आहे. एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवून दोन्ही एकदम चालवले, तर ही ३१ हर्ट्झची लाट दोन्ही टोकांकडून उलटसुलट ढकलली जाऊन मोडते. भिंतीच्या मध्यावर ठेवल्याने रुंदीची पहिली लाटही फारशी उठत नाही. हरमन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये चौकोनी खोल्यांचा अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरील दोन सबवूफर चांगले काम देतात आणि चारपेक्षा जास्त ठेवून विशेष फायदा नाही, असे त्यांना दिसले. म्हणजे दुसरा डबा आवाज वाढवण्यासाठी नसून तो सर्व जागी सारखा करण्यासाठी आहे. सगळे दोष मात्र त्याने जात नाहीत.

जोडताना काही गोष्टी पाहाव्यात. दोन्ही डबे एकाच कंपनीचे व एकाच मॉडेलचे असावेत. एक भोकाचा आणि दुसरा बंद असेल तर ते एकमेकांचा आवाज कापू शकतात. अँप्लिफायरला सबवूफरची एकच जागा असली, तर वाय केबलने दोन्ही जोडता येतात. दोघांची पातळी सारखी करावी आणि मग दोन्ही मिळून खाली आणावी. फेजचे बटण दोन्हीकडे सारखे ठेवून ऐकावे. पावसाळ्यात त्र्यंबकला ओल फार, म्हणून डबा ओल्या भिंतीला किंवा फरशीला लागू देऊ नये.

आधी फुकटचा उपाय करून पाहावा. डबा कोपऱ्यातून हलवावा, सोफा एक-दोन फूट पुढेमागे करावा. कपाटाचे दार किंवा शोकेसची काच खडखडत असेल तर सुताराकडून फेल्ट लावून घ्यावे. पुष्कळदा एवढ्यावर काम भागते.

शेजाऱ्याचाही विचार हवा. जाड आवाज भिंतीतून सहज जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे. रात्र १० ते सकाळी ६ धरली जाते.

आमच्या गिऱ्हाइकाने शेवटी दुसरा डबा घेतला आणि आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवला. आई आता तेथेच बसतात. आता धमधमीसाठी कोणी पडदा मागितला, तर आम्ही साफ सांगतो, यासाठी कापड घेऊ नका. एका विक्रीचे नुकसान होते, पण गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते.