उपोषण सुटताना ज्यूस, रोजच्या ताटात मात्र फोडी!

14 सप्टेंबर 2023. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्या मनोज जरांगे पाटलांनी 17व्या दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हातून ज्यूस घेतला. दीर्घकाळ उपाशी शरीराला एकदम पोटभर जेवण दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धोकादायक घसरू शकतं. म्हणून सुरुवात थोड्याने, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

रोजचं गणित वेगळं. आपल्या जालन्याची मोसंबी फोडी करून खा. रस गाळला की बहुतेक चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, जातो. मोठ्या आतड्यातले जिवाणू मुख्यतः तंतुमय पदार्थांवर जगतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारं ब्युटिरेट तयार करतात.

पोट बिघडल्याच्या खुणा 👇
🔸 सतत गॅस, पोट फुगणं
🔸 कुंथावं लागणं, पोट साफ न झाल्यासारखं वाटणं
🔸 कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ

रोज काय करायचं?
✅ ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू. दिवसाची गरज साधारण 30 ग्रॅम.
✅ ताजं ताक. उकळलेल्या कढीत जिवंत जिवाणू उरत नाहीत.
✅ चोथा हळूहळू वाढवा, सोबत पाणी भरपूर. नाहीतर गॅस वाढेल.
✅ जेवणानंतर शतपावली, वेळेवर झोप.
❌ मनाने अँटिबायोटिक नको. चांगले जिवाणूही मरतात.

शौचातून रक्त, काळी शी, विनाकारण घटणारं वजन, आठवडेन् आठवडे बदललेली शौचाची सवय: यावर घरगुती उपाय नाहीत. थेट डॉक्टर गाठा, लाजू नका.