सोयाबीनच्या मुळाशी बायेरिंक

पेरणीला महिना-सव्वा महिना झाला की लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही शिवारात सोयाबीनचं एक झाड खुरप्यानं, मातीसकट काढून पाहावं. हिसका दिला तर पाहायचं तेच जमिनीत राहतं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एखादी नखानं फोडा. आत गुलाबी-तांबूस असेल, तर गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देताहेत. पांढरट किंवा हिरवट असेल, तर गाठ नुसती नावाला.

कडधान्यांच्या गाठींतले असे जिवाणू वेगळे काढून १८८८ मध्ये प्रयोगशाळेत वाढवले ते मार्टिनस बायेरिंक यांनी. जन्म १८५१, आम्स्टरडॅम. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाला आणि घर तंगीत आलं. हा शोध लागला तेव्हा ते विद्यापीठात नव्हते, डेल्फ्टच्या यीस्ट-मद्यार्काच्या कारखान्यात नोकरीला होते. कडधान्यं हवेतला नत्र वापरतात हे जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी नुकतंच दाखवलं होतं. पण तो जिवाणू कुणाच्या हाती लागत नव्हता. बायेरिंकनी त्याला मानवेल असं, कडधान्याच्या पानांच्या अर्काचं खाद्य दिलं.

मला त्यांची ही रीतच सर्वांत मोलाची वाटते. ज्वारी-कपाशीच्या बियाण्याला लावतात तो अ‍ॅझोटोबॅक्टर त्यांनी १९०१ मध्ये असाच पकडला: द्रावणात नत्रयुक्त क्षार घातलेच नाहीत, म्हणजे वाढेल तो हवेतून नत्र घेणाराच. तंबाखूच्या पानांवरचा रोग जिवाणूहून सूक्ष्म अशा कशामुळे तरी होतो, हे त्यांनी १८९८ मध्ये मांडलं. विषाणूशास्त्राची सुरुवात तिथली. भारतात मुळांच्या गाठींवरचा अभ्यास एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला.

सोयाबीन आपल्याकडे बाहेरून आलं. तुरीच्या गाठीतला जिवाणू त्याला सहसा चालत नाही, म्हणून बियाण्याला लावायच्या जिवाणूंच्या पाकिटावर, म्हणजे कल्चरवर, पिकाचं नाव पाहून घ्यावं लागतं. आत जिवंत जीव आहेत, हेच आपण विसरतो. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेलं पाकीट जूनमध्ये वापरायचं आणि 'कल्चरचा काही उपयोग नाही' म्हणायचं, हा त्या जिवाणूंवर अन्याय आहे. मुदत तपासा. बुरशीनाशक आधी लावा, ते सुकू द्या, जिवाणू शेवटी. बियाणं सावलीतच वाळवा आणि चोळताना हात हलका ठेवा. सोयाबीनची साल पातळ असते, ती फाटली तर उगवण घटते.