'निकल्सन' : एका पितृनामाची व्युत्पत्ती

दिल्लीच्या काश्मिरी दरवाजानजीक एक जुनी ख्रिस्ती दफनभूमी आहे. १८५७ च्या सप्टेंबरात शहरावरील हल्ल्यात जखमी होऊन २३ तारखेस मरण पावलेल्या जॉन निकल्सनला तेथे पुरले. दफनभूमीही त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याच्या पराक्रमाचा वा क्रौर्याचा विचार येथे कर्तव्य नाही. विचार आहे तो त्याच्या आडनावाचा.

निकल्सन म्हणजे निकलसचा पुत्र. निकलस हे मूळचे ग्रीक 'निकोलाओस'. 'नीके' म्हणजे विजय आणि 'लाओस' म्हणजे लोक. मायरा येथील संत निकोलसाच्या भक्तीमुळे हे नाव मध्ययुगीन इंग्लंडात रूढ झाले, आणि त्याच्याच लाडक्या रूपांपासून निक्सन, कॉलिन्स ही आडनावे निघाली. 'सन' हे उत्तरपद मात्र जर्मानिक असून संस्कृत 'सूनु' त्याचा सगोत्र होय. ते जोडण्याची रीत उत्तर इंग्लंडात व स्कॉटलंडात विशेष. वेल्समध्ये नुसत्या षष्ठीवर भागते, जसे विल्यम्स, जोन्स.

मात्र या निकल्सनच्या वडिलांचे नाव निकलस नव्हते, अलेक्झांडर होते. कोणा विस्मृत पूर्वजाचे नाव पिढ्यानुपिढ्या गोठून राहिले आहे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर राम हा 'दाशरथि'ही आहे आणि 'राघव'ही. पहिले नाम प्रत्यक्ष पित्यावरून आलेले, दुसरे वंशातील पूर्वपुरुषावरून. अर्थदृष्ट्या निकल्सन हे 'राघव' वर्गातील नाम आहे.

मराठी नामपद्धतीत या दोन्ही कामांची वाटणी झालेली आहे. गंगाधर रामचंद्र, बाळ गंगाधर, श्रीधर बळवंत या टिळक घराण्यातील तीन पिढ्यांत मधले नाव प्रत्येक वेळी बदलते, आडनाव तेवढे स्थिर राहते. म्हणून 'पितृनाम' ही एकच संज्ञा दोहोंस लावणे घोटाळ्याचे आहे. ग्रंथसूचीकाराने मराठी लेखकाचे मधले नाव इंग्रजी धर्तीचे शोभेचे नाव समजून गाळले, तर आपण लेखकाचा बाप पुसतो आहोत याची त्याला कल्पनाही नसते! गोव्यात गुंता आणखी वाढतो. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र. परंतु धर्मांतराच्या वेळी अशी आडनावे बहुधा पाद्री अथवा धर्मपिता यांच्याकडून मिळाली. तेथे 'पुत्र' या अर्थाला रक्तसंबंधाचा आधार उरत नाही.

पित्याचेच नाव का, हा प्रश्नही जुना आहे. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत सातवाहन राजे गौतमीपुत्र व वासिष्ठीपुत्र म्हणून येतात. मातेच्या गोत्रावरून पडलेली ही मातृनामे होत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये निर्णय घेऊन, त्या वर्षीच्या १ मेपासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठरविला आहे. गौतमी बलश्रीच्या लेखाला त्या वेळी सुमारे १,९०० वर्षे होत आली होती.