कोर्टाची पायरी (भाग 9) : भेटीचा शनिवार कुणाच्या सोयीचा?

या आठवड्यात पोटगीच्या प्रतिज्ञापत्राबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर नेतो, कारण आटपाडी तालुक्यातून एका आजींचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. मागच्या भागात संमतीच्या घटस्फोटाच्या अटींमध्ये मुलाच्या भेटीचा ओझरता उल्लेख आला होता. आजींनी नेमकं तेवढंच धरून विचारलंय.

त्यांचा जावई सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात, तामिळनाडूत. मुलगी माहेरी, नातू दुसरीत. कोर्टाचा अंतरिम हुकूम असा, की दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी अकरा ते दोन बापाने मुलाला कोर्टाच्या आवारात भेटावं. वर्षभर जावई फिरकला नाही. आता यात्रेला गावी आलाय आणि म्हणतोय, पोराला पंधरा दिवस माझ्याबरोबर द्या. आजी लिहितात, ‘सहा महिन्यांची पोटगी थकलीय. पैसे देत नाही त्याला पोरगं का द्यावं?’

पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पोटगीचा प्रश्न आधी सुटा करू. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी अडवता येत नाही. कोर्ट या दोन गोष्टी एका तराजूत घालत नाही, कारण दोन्ही हक्क मुलाचे आहेत. पोट भरायचा हक्कही त्याचा आणि बापाला भेटायचा हक्कही त्याचा. थकलेल्या पैशासाठी वसुलीचा अर्ज करावा. पोटगी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 कलमाखाली, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 कलमाखाली मिळाली असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत हा अर्ज द्यावा लागतो. कोर्ट वॉरंट काढतं, तरीही पैसे आले नाहीत तर कैदेची शिक्षा होऊ शकते. मुलाला घरात डांबून पैसा वसूल होत नाही. उलट तो प्रकार रोजनाम्यात नोंदला जातो आणि पुढे ताब्याच्या सुनावणीत आईच्याच विरोधात वाचला जातो.

आता भेटीकडे येऊ. माझ्या मते आपल्याकडच्या वैवाहिक दाव्यांत सगळ्यात निष्काळजीपणे लिहिला जाणारा हुकूम हाच आहे. ‘दुसरा आणि चौथा शनिवार’ हे वाक्य मोठ्या शहरात चालतं. तिथे आई एका उपनगरात आणि बाप दुसऱ्या उपनगरात, मध्ये तासाभराची लोकल. सांगली आणि साताऱ्याच्या संसारांचा नकाशा वेगळा आहे. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली आहेत. दक्षिणेत केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेत पंजाबपर्यंत त्यांची दुकानं आहेत. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथल्या घराघरांतून माणूस फौजेत जातो. पाटण, जावळीची माणसं मुंबईत माथाडी. अशा बापाला महिन्यातून दोनदा तीन तासांसाठी विट्याला किंवा कराडला यायला सांगणं म्हणजे भेट न देण्यासारखंच आहे. तो येत नाही, मग आईचा वकील लिहितो की बापाला मुलाची ओढ नाही. बापाचा वकील लिहितो की आईने मूल तोडलं. मूल मात्र वर्षभर बापाविना राहतं.

भेटीच्या अटी मागायच्या आधी पालकत्व, ताबा आणि भेट यांतला फरक ध्यानात ठेवा. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहावं. पालक म्हणून कायदा आधी बापाचं नाव घेतो. पण 1999 मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की बाप हयात असला तरी तो लक्ष घालत नसेल, दूर असेल, तर आईही पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. शाळेच्या फॉर्मवर बापाची सही हवीच, असं सांगून कुणी आईला परत पाठवलं तर हा निकाल दाखवा. ताबा म्हणजे मूल रोज कुठे राहणार. आणि भेट म्हणजे ज्याच्याकडे ताबा नाही त्याच्याशी मुलाचं नातं कसं चालू राहणार. 1956 च्याच कायद्याचं कलम 13 सांगतं, की या सगळ्यात मुलाचं हित सर्वोपरी. बापाची कमाई, आईची तक्रार, दोन घरांचा मान हे त्यानंतर.

गलाईवाल्या कुटुंबात आणखी एक पेच असतो : अर्ज करायचा कुठे? 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याचं कलम 9 म्हणतं, मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात. त्यामुळे मूल कोइमतूरमध्ये वाढलं, तिथल्या शाळेत गेलं आणि आईबरोबर महिन्यापूर्वी माहेरी आलं, तर नुसत्या महिन्याच्या मुक्कामावर भागत नाही. शाळेत नाव घातल्याचा दाखला, अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरच्या चिठ्ठ्या असं सगळं जपून ठेवा. घटस्फोटाच्या अर्जाचं मात्र वेगळं आहे. 2003 च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते तिथेही तिला तो दाखल करता येतो, आणि त्याच कामात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलाच्या ताब्याचा नि भेटीचा अर्ज जोडता येतो. बहुतेकांना हाच रस्ता सोपा पडतो.

आता आजींच्या प्रश्नाचं थेट उत्तर. पंधरा दिवस मागणारा जावई अवाजवी बोलत नाहीये. वर्षातून एकदाच येऊ शकणाऱ्या बापाने एकदम पंधरा दिवस मागणं त्याच्या धंद्याला धरून आहे. पण तोंडी बोलीवर मुलाला गाडीत बसवू नका. तुमच्या मुलीने आणि जावयाने मिळून कोर्टात एक पुरसीस (लेखी निवेदन) द्यावी : अमुक तारखेला मूल जाईल, अमुक तारखेला परत येईल, कोणत्या गाडीने, कोणत्या पत्त्यावर राहील, फोन नंबर कोणता, येण्याजाण्याचं तिकीट कोण काढणार. शाळा बुडणार असेल तर मुदत कमी करा आणि उरलेले दिवस मे महिन्याच्या सुट्टीत द्या. नातू बापाला बऱ्याच दिवसांत भेटलेला नाही, म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्यांनी गावातच, मुलाच्या ओळखीच्या घरात काढावेत आणि मगच प्रवास करावा. दोघांचं एकमत झालं नाही तर जुन्या हुकुमात बदल मागणारा अर्ज करा. ताब्याचा आणि भेटीचा हुकूम कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय.

नवा हुकूम मागताना वार मागू नका, हंगाम मागा. दिवाळीची सुट्टी यंदा आईकडे, तर पुढच्या वर्षी बापाकडे. उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी. खरसुंडीच्या सिद्धनाथाची किंवा पालीच्या खंडोबाची यात्रा असेल आणि बापाचं सगळं घर तेव्हा गावी जमत असेल, तर यात्रेचे दिवस हुकुमात तिथीसकट घाला. बाकीच्या महिन्यांसाठी व्हिडिओ कॉल मागा, दिवस आणि वेळ ठरवून. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की भेटीखेरीज असा फोनवरचा संपर्कही मुलाचा आणि पालकाचा हक्क आहे. मूल घ्यायची-सोडायची जागा कोर्टाचं आवार असू नये. पोलिस, बेड्या, आरडाओरडा यांच्यामध्ये सात वर्षांच्या पोराने बापाशी काय बोलावं? शाळेच्या मुख्याध्यापकांचं कार्यालय, मामाचं घर, एखाद्या समुपदेशन केंद्राची खोली, काहीही चालेल. फक्त ते कागदावर आलं पाहिजे.

फौजीच्या बाबतीत हाच विचार रजेला धरून करायचा. जवानाला वर्षाला साधारण दोन महिन्यांची वार्षिक रजा असते, पण ती केव्हा मिळेल हे युनिट ठरवतं. म्हणून हुकुमात तारीख लिहिण्याऐवजी ‘रजा मंजूर झाल्याचा कागद दाखवून, पंधरा दिवस आधी कळवून’ असं लिहा. बायकोच्या बाजूने सांगायचं तर, लष्कर कायदा 1950 मध्ये पत्नी-मुलांच्या निर्वाहासाठी पगारातून कपात करण्याची तरतूद आहे, तेव्हा नवरा सीमेवर आहे म्हणून पैसा मिळणारच नाही असं समजू नका. आणि जवानाच्या बाजूने, 1925 चा भारतीय सैनिक (खटले) कायदा आहे. विशेष किंवा युद्धपरिस्थितीत तैनात असलेल्या जवानाविरुद्धचं दिवाणी काम तो हजर नसताना पुढे रेटण्याला हा कायदा आवर घालतो. त्यासाठी योग्य अधिकाऱ्याचा दाखला लागतो. दाखला न देता नुसती गैरहजेरी लावली तर काम एकतर्फी होतं, आणि मग सुट्टीवर आलेला पोरगा हुकूमनामा हातात घेऊन माझ्यासमोर बसतो.

आजींच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘लेकीला भावाच्या घरात एक खोली आहे, ती पण किती दिवस?’ ताब्याच्या सुनावणीत न्यायाधीश नेमकं हेच विचारतात, की मूल कुठे झोपणार, अभ्यासाला कुठे बसणार. आपल्या भागाने हा प्रश्न फार आधी ओळखला होता. कासेगावच्या इंदुताई पाटणकर प्रति सरकारच्या काळापासूनच्या कार्यकर्त्या. पुढे स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या परित्यक्तांना एकत्र केलं. या बायकांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, घरासाठी जागा मागितली. नवऱ्याने टाकलेल्या बाईचा पहिला प्रश्न छपराचा असतो, हे त्यांनी कायद्याच्या आधी सांगितलं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क कलम 17 मध्ये दिला. त्याच कायद्याच्या कलम 21 खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबाही देऊ शकतात. घरात मारहाण, छळ झाला असेल तर आजींच्या मुलीने हा मार्गही वकिलाला विचारावा.

हुकूम पटला नाही तर वर जायची वाटही आता जवळ आलीय. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. पूर्वी भेटीच्या एका अंतरिम हुकुमाविरुद्ध दाद मागायची तर रात्रीची एसटी धरून मुंबई गाठावी लागे, आणि वकिलाची फी ऐकूनच माणसं गप्प बसत. आता तिकडच्या कामाला गेलेला माणूस बहुधा संध्याकाळी घरी परततो.

भारतीय विधी आयोगाने मे 2015 च्या आपल्या 257 व्या अहवालात मुलाचा संयुक्त ताबा आणि भेटीचे सविस्तर नियम सुचवले होते. संसदेने अजून तो कायदा केलेला नाही. तोवर ही जबाबदारी आपल्यावर, म्हणजे वकिलांवर, आईबापांवर आणि आजीआजोबांवर आहे. तुमच्या दाव्यात समझोता होत असेल तर सह्या करण्याआधी भेटीचं कलम मोठ्याने वाचा. त्यात सुट्ट्या, जागा, प्रवास आणि फोन या चार गोष्टी नसतील तर सही करू नका, वकिलाला ते पुन्हा लिहायला सांगा.

पुढच्या आठवड्यात पोटगीचं प्रतिज्ञापत्र नक्की. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायको दोघांनाही मिळकत, मालमत्ता आणि देणी जाहीर करणं बंधनकारक केलं, आणि तो निकाल आपल्या नागपूरहून गेलेल्या प्रकरणातला आहे. ज्यांचं काम चालू आहे त्यांनी तोवर पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं आणि शेती असेल तर सातबारा एका फाईलमध्ये लावून ठेवावेत.