आवाज कुणाच्या कानाने मोजायचा?

ठाण्यातल्या खोपटसारख्या वस्तीत घरे रस्त्याला खेटून असतात. एसटीचे स्थानक, दुकाने, चाळी आणि चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती इतक्या दाटीने वसलेल्या असतात की एकाच्या दारातला आनंद दुसऱ्याच्या उशापर्यंत पोहोचतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात हीच परिस्थिती सर्वत्र आहे. अशा ठिकाणी चांगले वागणे ही ज्याची त्याची खासगी बाब राहत नाही. दहीहंडी, गणपती, नवरात्र, लग्नाची वरात, पुढाऱ्याचा वाढदिवस यांत लागणाऱ्या साउंड सिस्टिमचा प्रश्न म्हणूनच केवळ गोंगाटाचा नाही. हातात आलेल्या यंत्राची ताकद, समाजाची हौस आणि माणसाचा संयम यांचा मेळ कसा घालायचा, हा त्यातला खरा प्रश्न आहे. ज्याला तो आवाज टाळता येत नाही, त्याच्यापासून हिशेब सुरू केला तरच हा मेळ बसतो, असे माझे ठाम मत आहे.

दहीहंडीचे उदाहरण घेऊ. २०१२ साली ठाण्यातच गोविंदांनी नऊ थर लावून विक्रम केला. त्या थरांना माणसाच्या शरीराची मर्यादा आहे. खालच्याचे खांदे आणि वरच्याचा तोल जिथे संपतो तिथे थर थांबतो, आणि मर्यादा ओलांडली तर इजा थर रचणाऱ्यांनाच होते. शेजारी उभ्या केलेल्या स्पीकरच्या भिंतीला अशी कोणतीही अंगभूत मर्यादा नाही. आणखी चार बॉक्स आणले, मोठा जनरेटर लावला की आवाज वाढतो. वाढवणारा थकत नाही आणि त्याचा त्रास मुख्यतः दुसऱ्याला होतो. पूर्वी गायकाचा घसा बसायचा, वाजवणाऱ्याचे हात भरून यायचे. यंत्राने हा नैसर्गिक लगाम काढून घेतला. शरीर जिथे थांबवत होते तिथे आता विवेकाने थांबायला हवे, आणि ती सवय आपण अजून पुरती लावून घेतलेली नाही.

हा त्रास मानण्यावर आहे, असे म्हणणाऱ्यांनी डेसिबलचे गणित समजून घ्यावे. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. तिथे ८५ डेसिबल आवाज झाला तर ऊर्जा हजारपट झालेली असते. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, तर १०० डेसिबलमध्ये जेमतेम १५ मिनिटे राहावे, अशी अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. आतल्या कानातल्या, ध्वनी टिपणाऱ्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीत स्पीकरसमोर तासन्‌तास नाचणारी मुले या नुकसानीच्या सर्वांत जवळ असतात. त्यांच्यापाठोपाठ बंदोबस्ताचे पोलीस, हातगाडी ओढणारे आणि रस्त्याकडेच्या खोल्यांत राहणारे येतात.

कायद्याने या बाबतीत बरेच काम केले आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई झाली, आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतीच्या १०० मीटरसाठी शांतता क्षेत्राची तरतूद झाली. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. पण ती वेळेची सूट आहे, आवाजाच्या पातळीची नाही. नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जगण्याच्या हक्काशी जोडून सांगितले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी रस्त्यावरचे मांडव आणि ध्वनिप्रदूषण यांबाबत जनहित याचिका केली. तिच्यावर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. जानेवारी २०२५ मध्ये याच उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही स्पष्ट केले.

तरीही कायदा एकटा पुरत नाही. २०१७ मध्ये नियमात बदल झाला आणि राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय शांतता क्षेत्र मानले जाणार नाही, असे ठरले. कागदावरची व्याख्या अशी एका दिवसात बदलते. रुग्णाची झोप आणि बाळाचे कान तेच राहतात. शिवाय नियमाचा अंमल तक्रारीवर चालतो, आणि तक्रार करणाऱ्याला उद्या त्याच गल्लीत राहायचे असते. वर्गणी मागायला आणि अडीअडचणीला धावून यायला तीच मुले असतात. म्हणून तो गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे संमती समजले जाते. ही कोंडी पोलीस फोडू शकत नाहीत. ती मंडळाच्या बैठकीत, वाद्य ठरवतानाच फुटायला हवी. मिरवणुकीच्या वाटेवर आजारी कोण आहे, कुणाची परीक्षा आहे, हे विचारणे मंडळाच्या कार्यकर्त्याला सहज शक्य आहे. सार्वजनिक उत्सवात ‘सार्वजनिक’ या शब्दाची किंमत त्या चौकशीने ठरते.

यावर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. सण वर्षातून चार दिवस येतो, तेवढे सोसावे, असे म्हणतात. पण प्रत्येकाचे चार दिवस वेगळे असतात आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यांचे दिवस येतात. आमच्याच सणावर बोट का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सर्वांना एकच माप लावणे हे आहे. दुसऱ्याने नियम मोडला म्हणून आपल्याला मोडण्याचा हक्क मिळत नाही. डीजेपेक्षा ढोल-ताशा बरा, असेही म्हणतात. पण ढोलांची संख्या शेकड्यांत गेली तर कानाला फरक पडत नाही, म्हणून माप वाद्याला न लावता एकूण आवाजाला लावले पाहिजे. सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. ज्यांना क्लब नाही, सभागृह नाही, त्यांचा रस्ता हाच दिवाणखाना. शांततेची मागणी म्हणजे सुखवस्तूंची नाजूकता. रस्त्यावरचा त्यांचा हक्क मला मान्य आहे, आणि तो टिकलाच पाहिजे. पण काचा लावून वातानुकूलित खोलीत झोपणारा या आवाजातून बराचसा सुटतो. एका खोलीत राहणारा, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा, पहाटेची लोकल पकडणारा त्यात अडकतो. आवाजाची मर्यादा आधी त्याच्यासाठी आहे.

यंत्रच नको, हा दुसरा टोकाचा मार्गही चुकीचा आहे. ध्वनिक्षेपकाने हजारोंना एकत्र ऐकता आले, आणि तेच तंत्र संयमाच्याही कामी येते. मुंबई पोलिसांनी काही चौकांत सिग्नलला आवाजमापक जोडून पाहिले होते. हॉर्नचा गलका ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. हा प्रयोग २०२० च्या सुरुवातीला देशभर गाजला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून वेगळी वाट धरली. तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल, टीव्ही बंद राहतात, म्हणजे मुलांचा अभ्यास होतो आणि घरात बोलणे होते. गावाने यंत्र हद्दपार केले नाही. त्याला वेळ नेमून दिली. निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला, घरोघरी जाऊन समजावून सांगितला आणि सर्वांना सारखाच लागू केला. शहरातल्या मंडळांना यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

ठाण्यात हे अशक्य नाही. मंडळाने साउंड सिस्टिम ठरवतानाच आवाजाची कमाल पातळी करारात लिहावी, ती ओलांडू न देणारे उपकरण बसवून घ्यावे आणि मांडवाशेजारच्या घराच्या खिडकीत आवाज मोजावा. प्रायोजकांनी आणि पुढाऱ्यांनी पैसे देताना हीच अट घालावी. साउंडवाल्यांचा रोजगार त्याने बुडत नाही. कमी बॉक्स, पण स्वच्छ आणि सुरेल आवाज देणारा कारागीर उलट वर येईल. घरात स्पीकर लावणाऱ्यालाही हेच माप लागू आहे. यंत्राची ताकद पुढेही वाढत राहील. ती किती वापरायची, हे वाजवणाऱ्याच्या उत्साहावर सोडले तर त्याला अंत नाही. ऐकणे भाग असलेल्या माणसाला विचारून ठरवले तर उत्सवही राहील आणि शेजारही राहील.